महिनाअखेरची सफाई

गुरुजी, त्या सकाळी देवापुढे दिवा लावून मी नेहमीपेक्षा लवकर अलकापुरीतल्या ऑफिसात गेलो आणि वीजतारा बनवणाऱ्या एका कंपनीचे आमच्या फंडातले सगळे शेअर विकायला सांगितले. महिना संपायला दोन दिवस होते. अखेरच्या तारखेला फंडाकडे काय आहे, त्याची यादी लोकांना जाते; मधल्या दिवसांत काय होतं ते तिच्यात दिसत नाही. म्हणून आपटलेली कंपनी आम्ही आधीच काढतो आणि सगळे जिचं नाव घेतात ती चढ्या भावाने घेतो. आमचा डीलर याला सफाई म्हणतो. "मेहमान आवे छे साहेब, झाडू तो मारवुं पडे ने," तो गुजरातीत म्हणाला. मीही हसलो.

तुम्ही तेव्हा गाव सोडून मुलीकडे, ताईकडे, प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये राहायला आला होतात. तुमची पुंजी माझ्या भरवशावर याच फंडात होती. यादी घेऊन मी आलो. तुम्ही एकेका नावावर पेन्सिल टेकवत वाचता आहात, ताई चहा ठेवते आहे.

"सगळी नावाजलेली आहेत रे. एकही चूक नाही?"

"नाही, गुरुजी."

"ताई, याच्या चहात आलं घाल गं. माझा विद्यार्थी आहे."

दिवाळीच्या आधी तुम्ही गेलात.

ती वीजतारांची कंपनी मी मुळात घेतली कशी, हे तुम्हाला सांगितलंच नाही. तिचा वाघोडियाचा कारखाना मी स्वतः पाहिला होता. तीन पाळ्या चालतात म्हणून सांगत होते, चालत होती एकच. पण मुंबईच्या मोठ्या फंडांनी ती घेतली होती, म्हणून मीही घेतली. आमच्या धंद्यात सगळ्यांबरोबर बुडालेल्याला कोणी काही विचारत नाही. एकटा चुकला की मात्र आत बोलावणं येतं. चौथीत साऱ्या वर्गाचं उत्तर एक आणि माझं वेगळं आलं, तेव्हा मी पाटी पुसून त्यांचं लिहिलं होतं. तुम्ही मारलं नाहीत. "तुझं बरोबर होतं. आता तुला विचारून काय उपयोग?" एवढंच म्हणून पुढे गेलात.

तुम्ही गेल्यापासून यादी छापून आली की तुमची पेन्सिल दिसते. एका नावावर येऊन थांबते. जपाला बसलो तरी "एकही चूक नाही?" हा तुमचा प्रश्न कानात येतो. त्यात संशय नसतो, कौतुक असतं, आणि तेच सोसत नाही.

या महिन्यात एक औषध कंपनी आपटली. डीलरने विचारलं, "सफाई?"

"राहू दे."

"साहेब, फोन येतील."

"येऊ देत."

यादी होती तशी गेली. फोन आले, वरून बोलावणंही आलं. नोकरी अजून आहे. किती दिवस, ठाऊक नाही. पण त्याने माझं मन हलकं झालं नाही, कारण ज्यांना मी तोंडावर खोटं सांगितलं होतं ते तुम्ही होतात.

म्हणून काल प्रतापनगरला गेलो आणि ताईला सगळं सांगितलं. ती पाठ करून ओटा पुसू लागली. मग म्हणाली, "बाबा ती यादी शेजाऱ्यांना दाखवायचे, दादा." चहाचं तिने विचारलं नाही. तुम्ही असतात, तर हे सांगायला मी गेलो नसतो.