जावईबापूंना सोपवायचं आहे

प्रिय भिंगरीराव यांस,

तुझ्या भाऊजींचा सप्रेम नमस्कार. वयाने मी मोठा असल्यामुळे त्यात थोडा आशीर्वादही मिसळलेला आहे, तो वेगळा काढून घे. हे पत्र हाती पडेल तेव्हा तू कामानिमित्त कुठल्या शहरात असशील कोण जाणे, पण असशील तिथे वेळेवर जेवत असशील अशी मला आशा आहे (तुझ्या ताईला मुळीच नाही). इकडे सगळं ठीक. ताईचं औषधांचं दुकान चालू आहे, माझी सर्दी गेली, आणि बाबांची तब्येत हाच या पत्राचा विषय आहे.

मागच्या फोनवर तू विचारलंस, "बाबा फिरतात का?" मी म्हणालो, "हो, खूप." तेवढ्यात तुझं विमान सुटायची वेळ झाली आणि फोन बंद झाला. ते उत्तर तेव्हापासून मला टोचतं आहे. खोटं ते नव्हतं. त्याच सकाळी बाबांनी एक डोंगर ओलांडला होता, दोन कोळी मारले होते (आठ पायांचे, प्रत्येकी बैलाएवढे), आणि एका पडक्या किल्ल्याचं तळघर कोपरान् कोपरा पाहून घेतलं होतं. पण हे सगळं खुर्चीत बसून. पुढच्या महिन्यात तू त्यांना तुझ्या घरी न्यायला येणार, तेव्हा तुला अर्धवट माहिती देणं मला बरं वाटत नाही.

झालं असं. आई गेल्यावर बाबा आमच्याकडे आले आणि खिडकीकडे पाठ करून बसायला लागले. ताई म्हणायची, बोलतं करा. मी त्यांना पाण्याच्या मीटरबद्दल सांगायचो, कारण आमच्या प्रयोगशाळेत दिवसभर मी तेच तपासतो, आणि ते ऐकून बाबा आणखीच गप्प व्हायचे. मग तुझी भाची वसतिगृहात जाताना जुन्या संगणकावर तिचा तो जादूच्या राज्याचा खेळ तसाच उघडा ठेवून गेली. पडद्यावर खोल दरी, आणि दरीवर लाकडी पूल, कठड्याशिवाय. बाबा उठले, चष्मा लावला, पुलाजवळ नाक नेलं आणि कित्येक दिवसांनी मोठ्या आवाजात बोलले. म्हणाले, "याला परवानगी दिली कुणी?" तुला माहीतच आहे, ज्या माणसाने आयुष्यभर लिफ्टच्या दोऱ्या तपासल्या त्याला असली गोष्ट सहन होत नाही. तो पूल वजन पेलतो की नाही, हे पाहायला ते खेळात शिरले, ते आजतागायत बाहेर आलेले नाहीत.

खेळातलं त्यांचं नाव 'तपासनीस'. हातात मोठी ढाल आहे. कुठल्याही पुलावर आधी तीन उड्या मारतात, मगच बाकीच्यांना सोडतात. त्यांच्या टोळीत निरनिराळ्या देशांतली विशीतली मुलं आहेत. ती सुरुवातीला हसायची. मग एक पूल खरोखरच तुटला (तो खेळ बनवणाऱ्यांनी मुद्दाम ठेवलेला सापळा होता), तेव्हापासून तपासनीसांनी उडी मारल्याशिवाय कुणी पाऊल टाकत नाही.

बाबा एकटे नकोत म्हणून मीही खेळायचं ठरवलं. माझं पात्र बाबांनीच तयार केलं आणि त्याचं नाव ठेवलं 'जावईबापू'. आता ती सगळी मुलं, अर्थ न कळता, मला जावईबापू म्हणतात. या खेळात शत्रूवर वार केला की अनुभव मिळतो, अनुभव साठला की पायरी चढते, पायरी चढली की चांगली शस्त्रं वापरता येतात. सोपं आहे. पण माझ्या बाबतीत ते पहिल्याच अटीवर अडलं. लांडगा दिसला की बाबा मध्ये येतात आणि मला सांगतात, "जावईबापू, तुम्ही मागे थांबा." जावयाला लांडग्यापुढे करणं त्यांच्या मनाला पटत नाही. लांडगा मरतो, अनुभव त्यांना मिळतो, आणि लांडग्याजवळ जे काही सापडतं ते सगळं मानाने माझ्या पदरात पडतं. चिलखतं, शिरस्त्राणं, एक सोन्याची कुऱ्हाड. यातलं काहीही वापरण्याएवढी माझी पायरी नाही, आणि दिलेली वस्तू टाकून द्यायची माझी छाती नाही. मग मी ते ओझं घेऊन सगळ्यांच्या मागून रखडत चालतो, आणि मागे राहिलेल्याला जे होतं ते होतं. मी विहिरीत पडून मेलो आहे. बदकाने मला मारलं आहे (मोठं होतं). प्रत्येक वेळी बाबा सगळी मोहीम थांबवून परत येतात, मंत्र म्हणतात आणि मला उठवतात.

आता मी केलेला उद्योग सांगतो, आणि तो बरोबर की चूक हे अजून माझं ठरलेलं नाही. माझा बाबांना काही उपयोग व्हावा म्हणून मी त्यांच्या नकळत दुसरं पात्र काढलं. नाव 'पांथस्थ', तिरंदाज. जेवणाच्या सुट्टीत, मीटर लावलेल्या लांब टेबलाच्या टोकाला बसून, स्वतःच्या लॅपटॉपवर (ऑफिसचा संगणक मी अशा कामाला वापरत नाही) मी चुपचाप सराव करू लागलो. मला कुणी मागे थांबा म्हणणारं नव्हतं, त्यामुळे मी भराभर चढलो. आता माझा बाण झाडामागच्या घुबडालाही लागतो. हे लिहिताना अभिमान वाटतो आहे, आणि वाटू नये असंही वाटतं आहे.

एका दुपारी दलदलीतल्या पुलावर समोर तपासनीस उभे. मी पळणार होतो. पण बाबांनी लिहिलं की भाऊ, एकेकानेच या, फळ्या कुजल्या आहेत. सांगणाऱ्याला तोंड न दाखवता जाणं बरं दिसत नाही म्हणून मी थांबलो, आणि ती चूक झाली, कारण बाबांना पांथस्थ आवडला. दुपारी त्यांची टोळी झोपलेली असते, ताई दुकानात असते. रोज ते पुलाशी यायचे आणि एका बोटाने टाईप करत गप्पा मारायचे. जावयाबद्दल त्यांचं मत मला असं समोरासमोर कळलं. स्वभावाने फार चांगले, लढाईत शून्य. (समोरचा माणूस आपणहून बोलत असेल तर ते चोरून ऐकणं होतं का? मी तीन दिवस रोजनिशीत यावर लिहिलं. होतं.)

मग एकदा पांथस्थाने विचारलं की मुलाकडे जाणार म्हणजे मजाच आहे, नाही का? ते विचारताना मला फक्त संभाषण चालू ठेवायचं होतं. जे उत्तर आलं ते जसंच्या तसं तुला लिहितो.

"मुलगा गुणी आहे. त्याच्याकडे चहासुद्धा हातात येतो, मला काही करावं लागत नाही. तो आठवड्यातले चार दिवस बाहेर. इथे जावई रोज मरतो, म्हणून मला उठावं लागतं."

समोर नळ चालू होते, मीटर फिरत होते, आणि मला त्या तासाचे आकडे लिहायचं भान राहिलं नाही. आमच्या खात्यात असं माझ्या हातून कधी झालं नव्हतं.

भिंगरीराव, त्यांना इथेच राहू दे म्हणून मी हे लिहीत नाही. त्यांनाही तुझ्याकडे यायचं आहे. तुझ्याकडची त्यांची खोली पूर्वेकडची आहे, हे त्यांनी पांथस्थाला दोनदा सांगितलं. पण तू त्यांची इतकी उत्तम सोय केली आहेस की त्यात त्यांच्यासाठी काही शिल्लक राहिलेलं नाही. तेव्हा माझं म्हणणं असं की तूही हा खेळ घे. हॉटेलातून संध्याकाळी तासभर खेळता येतो. तू हुशार आहेस, दोन दिवसांत सगळं जमेल. ते जमू देऊ नकोस. हळू चाल, ओझं घे, पुलावर घाई कर आणि रोज थोडा मर.

आणि हो, मूळ प्रश्न राहिला. बाबा खरोखरचंही फिरतात. खेळातल्या कठड्यांशी ताडून पाहायला ते परवा पायी कालव्यावरच्या पुलापर्यंत गेले, कठडा हलवून पाहिला आणि चिडून परत आले. रात्री भूक चांगली लागली. ताई म्हणते, "बाबांचा आवाज परत आलाय. तुम्ही फार विचार करू नका." मी प्रयत्न करतो.

तुझा,
भाऊजी

ता. क. सामानात उशी, औषधांची पिशवी आणि संगणक. संगणक गाडीच्या डिकीत टाकायचा नाही, मांडीवर घ्यायचा, असा बाबांचा निरोप आहे.

ता. क. २. ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते राहूनच गेलं. बाबांना निघण्याआधी माझी सोय लावायची आहे. त्यांनी पांथस्थाला गळ घातली आहे की "मुलाकडे माझा संगणक जोडून होईपर्यंत जावईबापूंवर लक्ष ठेवा, ते एकटे पहिल्या गावापलीकडे जाऊ शकत नाहीत." मी शब्द देऊन बसलो. आता येत्या रविवारी संध्याकाळी, दलदलीच्या पुलावर, मला समक्ष पांथस्थाच्या हवाली करायचं त्यांनी ठरवलं आहे. मला एका वेळी दोघं होता येत नाही. तेव्हा रविवारी तू पांथस्थ हो. परवलीचा शब्द फोनवर सांगेन. (हे खेळाच्या नियमांत बसत नाही. ते सगळे वाचणारा बहुधा मी एकटाच असेन, म्हणून सांगून ठेवतो.) काही अवघड नाही. उभं राहायचं, मला ताब्यात घ्यायचं आणि काळजी करू नका म्हणायचं.

ता. क. ३. सोपवून झालं की बाबा लगेच जाणार नाहीत. पांथस्थाजवळ ते मुलाबद्दल बोलतात, बरंच बोलतात, आणि ते मी इथे मुद्दाम लिहिलेलं नाही. घाई करू नकोस, एका बोटाने टाईप करायला वेळ लागतो. पांथस्थ त्यांना 'साहेब' म्हणतो, तेवढं सांभाळ. आणि नाहीच राहवलं, तर मार 'बाबा' म्हणून हाक. मी बाजूला होऊन शांतपणे दलदलीत पडेन. तुमचं बोलणं होईपर्यंत मला उठवायची घाई नाही.