मोकळ्या नसा

आई, परवा एका बाईची आई बरी झाली आणि मला ते सहन झालं नाही. तुला सोडून दुसऱ्या कुणाला हे सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसले. त्या बाईने माझे दोन्ही हात धरले, थँक्यू थँक्यू म्हणाली, मी पण हसून "अहो, काळजी घ्या त्यांची" वगैरे जे बोलायचं असतं ते बोलले. घरी येताना मात्र रिक्षात दात आवळून बसले होते. रिक्षावाल्याने आरशात दोनदा बघितलं.

मी काय काम करते ते तुला माहीत नाही. तू गेलीस तेव्हा मी बी.फार्मच्या पहिल्या वर्षाला होते. तुला वाटायचं की मी पुढे तुझ्याच महाप्याच्या कंपनीत लागेन, तुम्ही बाया खाली पट्ट्यावर गोळ्यांची पाकिटं भरत असाल आणि मी वरच्या काचेपलीकडे पांढरा कोट घालून उभी असेन. तसं काही झालं नाही. कोट मिळाला, पण खारघरच्या एका मोठ्या हॉस्पिटलात, हृदयरोगाच्या विभागात. एखाद्या नव्या तपासणीचा किंवा औषधाचा माणसाला खरंच उपयोग होतो का, हे बघायला तिथे अभ्यास चालतात. पेशंटना सगळं समजावून त्यांच्या संमतीने त्यात घ्यायचं आणि पुढे कितीतरी महिने त्यांची विचारपूस करत राहायचं, हे माझं काम. सध्याचा अभ्यास फक्त बायकांचा आहे. छातीत दुखतं, दम लागतो, पण अँजिओग्राफी करावी तर नसा मोकळ्या. घरचे म्हणतात हिला काही झालेलं नाही. अशा बायका. म्हणजे तू.

कोपरखैरण्याचं आपलं बैठं घर मला दिसतं. तू ओट्याशी उभी आहेस, तव्यावर भाकरी आहे आणि तुझा एक हात ओट्याची कड धरून आहे. दुसऱ्या हाताने जबडा दाबतेस. भाकरी करपायला लागते तरी तू उलटत नाहीस. मी विचारते, काय झालं? "काय नाय गं बाय, दाढ ठणकतेय." मग बाबा तुला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन जातात आणि तो तुझी दाढ काढतो. मी बाहेर बाकड्यावर रडत बसले होते. तू गालात कापूस घेऊन बाहेर आलीस आणि मलाच ओरडलीस, "तुझी काढली काय? गप बस." त्यानंतर तू तोंड मिटून हसायला लागलीस. दाढ गेली, जबडा मात्र दुखतच राहिला. विहाराच्या पायऱ्या चढताना थांबायचीस, वंदनेला उशिरा पोहोचायचीस, आणि वर आल्यावर बाकीच्या बायांना सांगायचीस की चपलेत खडा गेला होता.

पुढे छातीतही दुखायला लागलं म्हणून अँजिओग्राफी झाली, त्या दिवशी तर आपल्याकडे सणच होता. मोठ्या डॉक्टरांनी स्वतः बाहेर येऊन सांगितलं, नसा एकदम मोकळ्या आहेत, टेन्शन घेऊ नका, गॅस असेल किंवा वयामुळे असेल. बाबांनी गल्लीत पेढे वाटले. तू एकटीच पेढा हातात धरून बसलीस. म्हणालीस, "मग दुखतं ते काय?" उत्तर तर डॉक्टरांनी देऊन टाकलं होतं. त्या दिवसापासून तू दुखण्याचं नाव काढणं सोडलंस. पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी, कामावर, स्टुलावर बसून तू शेजारच्या बाईला म्हणालीस, जरा दाबल्यासारखं होतंय. तिथल्या बायांनी तुला ॲसिडिटीची गोळी दिली, गाडी बोलावली, आणि गाडी हॉस्पिटलपर्यंत पोहोचली तेव्हा तू नव्हतीस. भेटायला येणारा प्रत्येक जण बाबांना एकच म्हणत होता, "पण नसा तर मोकळ्या होत्या ना?" बाबा नुसती मान हलवायचे. नंतर ते गावी गेले ते तिकडचेच झाले.

आता मी कामाच्या ठिकाणी दर आठवड्याला सांगते ते तुलाही सांगते. ती तपासणी चुकीची नव्हती. ती हृदयाच्या मोठ्या नसा दाखवते. पण मोठ्या नसांना पुढे बारीक बारीक फाटे फुटतात, ते तिच्यात दिसतच नाहीत. आमचे डॉक्टर पेशंटना म्हणतात, ठाणे-बेलापूर रोड मोकळा आहे हो, पण सेक्टरमधल्या गल्ल्या जाम झाल्यात, मग घरापर्यंत गाडी कशी येणार? आता अँजिओग्राफीच्याच वेळी नसेत एक केसासारखी तार घालून, औषध देऊन, त्या गल्ल्या पुरेशा उघडतात की नाही हे मोजता येतं. तुला तेच झालं होतं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकणार नाही आता. पण जबड्यावर हात ठेवलेली बाई दारातून आत आली की मी हातातलं काम टाकून आधी तिच्याकडे जाते.

तशीच ही आली. तळोज्याच्या पुढे एक जुनं गाव आहे, आता चारी बाजूंनी टॉवर उभे राहिलेत, तिथली आगरी म्हातारी. नाकात मोठी नथ, कपाळावर गोंदण, आवाज असा की वेटिंग रूममधले सगळे वळून बघतात. बरोबर तिची मुलगी, साधारण माझ्याच वयाची. न्हावा शेव्याला माल सोडवण्याच्या ऑफिसात कामाला आहे. आईला खुर्चीत बसवून ती फोनवर कुणाला तरी कंटेनरवरून झापत होती. मध्येच फोन बाजूला धरून मला म्हणाली, "मॅडम, हिचं काय ते लवकर बघा. दोन ठिकाणी दाखवलं, काही निघत नाही. नाटकं असतात हिची. गोळ्या खात नाही, चालायला सांगितलं तर चालत नाही, तळलेलं बंद केलं तर शेजारी जाऊन खाते." म्हातारी गप्प बसणारी नव्हती. "मना येडी समजतान सगली. दुखतंय तं दुखतंय ना! तुला छाती उघडून दाखवू काय?" मुलगी म्हणाली, "बघा, बघा, हे असं." आणि हे म्हणताना तिने आईचा खांद्यावरून घसरलेला पदर न बघताच नीट केला.

आई, तिथेच सुरू झालं. आजपर्यंत कितीतरी बायका आल्या, त्यांच्या मुली-सुना आल्या. मला वाईट वाटायचं, तुझी आठवण यायची, पण हेवा कधी वाटला नव्हता. या मुलीचा वाटला. तिला आपल्या आईला कंटाळता येतं याचाच. माझ्या वयाच्या बाईला आईवर वैतागता येतं, तिला गाडीत घालून इकडेतिकडे न्यावं लागतं, हिच्यामुळे माझी सुट्टी जाते असं चारचौघांत म्हणता येतं. मला तुझ्यावर वैतागायला नीट वेळच मिळाला नाही. तू होतीस तेव्हा वैतागायची पाळी तुझी होती.

मी त्या दोघींना अभ्यास समजावला. तपासणी सगळ्यांची होते. त्यानंतर दोन गट पडतात. एका गटाला आणि त्यांच्या डॉक्टरांना निकाल लगेच सांगतात आणि त्याप्रमाणे औषधं बदलतात. दुसऱ्या गटाचा निकाल अभ्यासाची मुदत संपेपर्यंत बंद ठेवतात, त्यांचे नेहमीचे उपचार चालू राहतात. निकाल कळल्याने खरंच फरक पडतो का, हे दुसऱ्या कशाने सिद्ध होणार? म्हातारीने बरोबर तिथेच मला अडवलं. "म्हनजे माजा दुखना तुमाला समजल, आनि मना सांगनार नाय?" मी म्हटलं, तसंही होऊ शकतं मावशी, ते माझ्या हातात नाही, कॉम्प्युटर ठरवतो. आणि तुमची इच्छा नसेल तर नाही म्हणा, उपचार अडणार नाहीत. मुलगी म्हणाली, "मम्मी, चल, राहू दे हे." म्हातारीने माझ्याकडे बोट केलं. म्हणाली, "नको कशाला? आजवर कोनी बघलाच नाय. ही बघतंय तरी." आणि तिने पेन मागितलं.

तपासणी झाली त्या दुपारी मी कॉम्प्युटरसमोर बसले. माहिती भरायची, बटण दाबायचं, आणि गट उघडायची वाट बघायची. चक्र फिरत होतं. काचेतून बाहेरचा पॅसेज दिसत होता आणि तिथे ती मुलगी उभी होती, फोन पर्समध्ये टाकून, आई अजून आत होती त्या तपासणीच्या खोलीच्या दारावरच्या लाल दिव्याकडे बघत. पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर वैताग नव्हता. मला माझ्या मनात स्वच्छ शब्दांत ऐकू आलं, बंद गटात पडू दे. हिला कळू नये. मला कळलं नव्हतं, हिला का कळावं? मी ते ऐकलं. त्या म्हातारीने माझं काय वाईट केलं होतं? मी टेबलावरून हात उचलून मांडीवर ठेवले, जणू मी काही करू शकत होते. काहीच करता येत नाही, बटण दाबून झालं की संपलं. गट उघडला. सांगायचा गट.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी निकाल सांगितला तेव्हा मी खोलीत होते. डॉक्टर तरुण आहेत, पण खुर्ची ओढून पेशंटच्या समोर बसतात. म्हणाले, "मावशी, तुमचं दुखणं खरं आहे. तुमच्या हृदयाच्या बारीक नसा जेवढ्या उघडायला पाहिजेत तेवढ्या उघडत नाहीत. यावर औषध आहे." पुढचं ते बरंच बोलले, पण म्हातारीने पहिल्या वाक्यानंतर ऐकलंच नाही. ती मुलीकडे वळली. मला वाटलं आता आवाज चढणार. पण ती अगदी हळू म्हणाली, "आयकलंस? मी नाटका नव्हते करत." मुलगी खाली बसली. आईच्या गुडघ्यावर कपाळ टेकून रडायला लागली, न्हावा शेव्याला माणसं झापणारी ती बाई, लहान पोरीसारखी हुंदके देत. म्हातारी तिच्या केसांतून हात फिरवत म्हणत होती, उगी, उगी, तुला काय ठावं व्हतं.

मला त्या रडण्याचाही हेवा वाटला. कुणीतरी खुर्ची ओढून तुझ्यासमोर बसावं आणि तुझं दुखणं खरं आहे एवढंच म्हणावं, मग औषध असो नसो. तू हातातला पेढा खाली ठेवला असतास. मी तुझ्या गुडघ्यावर डोकं ठेवलं असतं आणि तू मला म्हणाली असतीस, गप बस. हे सगळं त्या मुलीला मिळालं, एका कॉम्प्युटरने दिलं, आणि ते कागदावर उतरवून घ्यायचं काम मला दिलं.

औषधं लागू पडली. सगळ्यांना पडत नाहीत, तिला पडली. परवा ती तपासणीला आली तेव्हा मुलीने मला मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. नातवाच्या हळदीत म्हातारी नाचतेय, पदर कमरेला खोचून, बँजोच्या तालावर, तरुण पोरी बाजूला सरकून टाळ्या वाजवतायत. "बघा मॅडम, आता बसा म्हटलं तरी बसत नाही. आम्हाला टेन्शन." पण सांगताना ती फुलून गेली होती. तेव्हाच तिने माझे हात धरले. मला आनंद झाला नाही असं नाही, आई. झाला. आपण करतो ते काम खरं आहे असं वाटलं. पण त्या आनंदाच्या वर, दुधावर साय धरते तसा, हेवा धरला होता आणि तो बाजूला सारता येत नव्हता. तू कधी नाचली होतीस का? मला आठवत नाही. मावशीच्या लग्नात सगळ्या बाया फेर धरत होत्या आणि तू खुर्चीवर बसून सगळ्यांच्या पर्सा सांभाळत होतीस.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही. गावी बाबांना वाचून दाखवावं असं एकदा मनात आलं, पण त्या म्हाताऱ्या माणसाला आता बारीक नसांचं सांगून काय करू? त्यांचे पेढे तसेच राहू देत.

एक मात्र राहिलं. मुलगी पार्किंगमधून गाडी काढायला गेली आणि म्हातारी माझ्याजवळ बसली होती. माझा हात हातात घेऊन तिने सहज विचारलं, "तुजी आय काय करते गो?" मी म्हटलं, घरी असते. एवढ्यावर थांबायचं ना? नाही थांबले. म्हटलं, काय सांगू मावशी, अजिबात ऐकत नाही. दुखलं तरी सांगत नाही, दाढ दुखतेय म्हणते. चालायला चल म्हटलं तर निमित्तं काढते. मी बोलतच गेले, वैतागून, हातवारे करून. मला इतकं बरं वाटत होतं. ती माझ्याकडे बघून खुदकन हसली. म्हणाली, "एकदा आन तिला हितं. मी समजवतंय तिला."

मी म्हटलं, आणते.