उकळलेले खडे

प्रिय बबडे,

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र. “शनिवारी टेम्पो पाठवते, आवराआवर कर, मासे शेजारी देऊन टाक आणि कायमची माझ्याकडे राहायला ये,” असा हुकूम सोडलास. हुकूम सोडायची सवय तुला माझ्याकडूनच लागली, तेव्हा तक्रार नाही. पण मी येणार नाही.

आज सकाळीच माशांची टाकी साफ केली. बाबांच्या माघारी हे काम माझ्याकडे आलं, आता हात बसलाय. नळीने चौथा हिस्सा पाणी बादलीत काढते. सगळं कधीच बदलायचं नाही. फिल्टरचा स्पंज त्याच जुन्या पाण्यात पिळायचा, नळाखाली धरायचा नाही. काचेवरचं शेवाळ खरवडायला बाबांचं जुनं ओळखपत्र बरं पडतं. नवं पाणी आदल्या दिवशीच भरून ठेवलेलं असतं. गुडघे कुरकुरतात, मग स्टुलावर बसते. सहाही मासे धडधाकट आहेत. त्यातला जाड्या तर मी दिसले रे दिसले की वर येऊन तोंड वासतो, अगदी तुझ्यावर गेलाय.

गेल्या वर्षी चार मासे मेले, तेव्हा मी त्यांना खायला घालायला विसरले असं तू ठरवलंस आणि मी गप्प बसले. तेव्हापासून गॅस, गोळ्या, किल्ल्या, सगळ्यावरून माझी हजेरी घेतेस. बबडे, मी काही विसरले नव्हते. एकतीस वर्षं ऑपरेशन थिएटरात सिस्टर होते. जे दिसेल ते निर्जंतुक करायचं, हे अंगात भिनलेलं. बाबा गेल्यावर टाकी पहिल्यांदा हातात आली आणि मी खडे उकळले, स्पंज जंतुनाशकात बुडवला, पाणी सगळं बदललं. पाणी निरोगी ठेवणारे जंतूच त्यात मेले आणि दोन दिवसांत मासेही. शोभेचे मासे विकणाऱ्याने हे समजावलं तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. सिस्टरने स्वच्छतेपायी चार जीव घेतले, हे तुला सांगण्यापेक्षा विसरभोळी म्हणवून घेणं सोपं वाटलं. माझं ते गप्प बसणं आता माझ्याच घरावर उठलंय, म्हणून लिहितेय. डोकं माझं ठिकाणावर आहे. ठिकाणावर नव्हता तो फक्त माझा तोरा. तू टेम्पो रद्द कर. आणि शनिवारी तू मात्र नक्की ये, दार मीच उघडेन.

तुझीच,
हट्टी आई