धाकट्याच्या जागी

४ फेब्रुवारी

चाकू घेतला! कोपऱ्यावरच्या त्या दुकानातून, जिथे कात्र्या, सुऱ्या, वस्तरे, सगळा धारेचाच माल असतो. दुकानदारानं विचारलं, "कशासाठी हवाय, ताई?" म्हटलं, रोज खिशात ठेवायला, घडीचा. त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "रस्त्यानं एकट्या जाता का?" अहो, मला कोण अडवतंय! चाकू बाबांसाठी हवाय.

इस्पितळातून बाबांना माझ्याकडे आणलं तेव्हा कपड्यांची पिशवी आली, चष्मा आला, दात पडलेला कंगवासुद्धा आला. धाकटा तेवढा आला नाही. आणि अर्धांगाच्या झटक्यानंतर बाबांच्या जिभेवर तोच एक शब्द उरलाय. बाकीचे कुठे गेले कोण जाणे. ताट समोर ठेवलं की म्हणतात, "धाकटा?" मग ते दोन-चार घास कसेबसे गिळतात आणि तोंड मिटून घेतात.

डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, "वजन असंच उतरलं तर परत भरती करून नळी घालावी लागेल." बाबांनी ऐकलं. डोळे घट्ट मिटले.

५ फेब्रुवारी

नवऱ्यानं विचारलं, "पण चाकूला धाकटा का म्हणायचं?" लग्नाला इतकी वर्षं झाली तरी याला माहीत नाही!

बाबा वायरमन. त्यांच्या हत्यारांच्या पिशवीत आमचं अख्खं गणगोत होतं. पक्कड म्हणजे मावशी — एकदा धरलं की सोडायची नाही. हातोडा म्हणजे मामा. टेस्टर म्हणजे जावईबापू, कारण जरा टेकवला की लाल! (नवरा यावर हसला नाही.) आणि घडीचा चाकू म्हणजे धाकटा. सगळ्यांत लहान, म्हणून पिशवीत न राहता कायम बाबांच्या खिशात. लाडोबा.

वायर सोलायला तो, माझ्या पेन्सिलींना टोक काढायला तो, आणि जेवण झाल्यावर सफरचंद सोलायलाही तोच. (मधे एकदा पँटला पुसला की झालं! आई नुसती ओरडायची.) बाबा साल अखंड काढायचे, एका दमात. मी आणि राजे श्वास रोखून बघायचो. साल न तुटता खाली आली की ती राजेंच्या गळ्यात, हार म्हणून. मग राजे तो हार खायचे.

राजे म्हणजे माझा भाऊ. पहिल्या हाकेला कधी आला नाही म्हणून आईनं ठेवलेलं नाव. घरात मग सगळ्यांच्याच तोंडी बसलं.

७ फेब्रुवारी

नवा चाकू बाबांच्या हातात देण्याआधी स्वतः बाळगून बघतेय. माणूस एका हाताचं झालंय, बोटबिट कापलं तर? आमचं पार्सल ऑफिस परीक्षेला उत्तम. दिवसभर चिकटपट्ट्या, सुतळ्या, जाड खोके.

निकाल: धार झकास. पट्टी तर लोण्यासारखी कापतो. पण वजन! खिसा गुडघ्यापर्यंत लोंबला, आरशात बघितलं तर मीच एका अंगाला कललेली. उघडायला पात्याच्या खाचेत नख घालून दोन्ही हातांनी ओढावं लागतं. बाबांचा उजवा हात अजून मांडीवर निजलेला. शिवाय पातं अडकून राहायला खटका नाही, जोर लावला की बोटांवर मिटतं.

नापास!

८ फेब्रुवारी

"डाव्या हाताचं गिऱ्हाईक आहे हे आधी नाही का सांगायचं, ताई?" दुकानदाराला आता माझ्यापेक्षा जास्त रस आलाय. दुसरा काढून दिला. अंगठ्यानं ढकलला की एका हातात उघडतो. खटॅक! ऑफिसात उघडला तेव्हा शेजारच्या टेबलवरच्या बाई पार्सलसकट उडाल्या.

तासभर मी स्वतःवर खूश. मग डाव्या हातानं मिटायला गेले. खटका उजव्यांच्या सोयीचा, डाव्या अंगठ्याला सापडतच नाही! उघडलेला चाकू हातात धरून टेबलाशी बसून राहिले. चहावाला आला, आल्या पावली परत गेला.

९ फेब्रुवारी

लिंबू कापून तो चाकू मुद्दाम न पुसता ठेवला होता. सकाळी पात्यावर तपकिरी डाग. हाही बाद.

११ फेब्रुवारी

बाबांनी आज फक्त पाणी घेतलं. "धाकटा?" म्हणाले, दाराकडे बघितलं, पुन्हा म्हणाले. मी म्हटलं, "आणतेय हो बाबा, चांगला बघून आणतेय." माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मीच त्यांची भाषा विसरलेय.

किती साधी गोष्ट आहे ना! त्या माणसाचा खिसा रिकामा आहे, एवढंच. लहानपणी बाबा कामावरून आले की मी त्यांच्या पायाला मिठी मारायची आणि गालाला तो चाकू टोचायचा. कापडाआडून, मिटलेला. बाबा घरी आले म्हणजे गालाला टोचायचंच. तो कडक, कोमट तुकडा आज फार आठवतोय.

१२ फेब्रुवारी

नवरा म्हणाला, "राजेंना कळवलंस का, बाबा जेवत नाहीत म्हणून?"

नाही कळवलं. काय उपयोग? बाबांच्या हाताखाली काम शिकत होते तेव्हा एकदा गिऱ्हाइकाच्या घरी राजे मेन स्विच बंद न करताच बोर्ड उघडायला बसले. बाबांनी सगळ्यांदेखत थोबाडीत दिली. भीतीनं दिली, हे मला कळतं, आईलाही कळायचं. राजेंना नाही कळलं. हत्यारांची पिशवी तिथेच जिन्यात ठेवली आणि गेले ते गेलेच. दूरच्या शहरात हॉटेलच्या स्वयंपाकघरात आहेत. झटक्याच्या वेळी फोन केला होता, तेव्हा म्हणाले, "मला बघून त्यांचं बीपी वाढेल. तूच बघ." बाबांनीही त्यानंतर त्यांचं नाव काढलं नाही. आई होती तोवर तिनं काढलं की उठून जायचे.

दोघं सारखेच. नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत.

१४ फेब्रुवारी

सापडला! दुकानदारानं आतल्या खोलीतून शोधून आणला. हलका, लाकडी मुठीचा. पात्यालाच भोक आहे, त्यात अंगठा अडकवला की उघडतो. खटका मुठीच्या पाठीवर, म्हणजे डावं-उजवं सारखंच. मिटताना खटका दाबून पात्याची पाठ मांडीवर टेकवली की झालं, एका हाताचं काम. लिंबाचा डाग नाही. खिशात आहे की नाही, पत्ता लागत नाही. दिवसभर सुतळी कापली, धार तशीच.

"बाबांना आवडला की सांगा," दुकानदार म्हणाला. मला एकदम भरूनच आलं. उगाच कात्र्यांचे भाव विचारत बसले.

१५ फेब्रुवारी

दिला. जेवायच्या वेळी, ताटाच्या बाजूला ठेवला. बाबांनी उचलला, लाकूड हुंगलं, अंगठा भोकात घालून उघडला. डाव्या हातानं! कारागीर तो कारागीर. मी सफरचंद घट्ट धरून बसले. त्यांनी वेडीवाकडी का होईना, एक फोड कापली. नवरा तर टाळ्या वाजवायचाच बाकी होता.

पण फोड तोंडात नाही घातली. ताटापलीकडे, रिकाम्या खुर्चीपुढे सरकवून ठेवली. खटका दाबून चाकू मांडीवर मिटला, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "धाकटा?"

"बाबा, आता हाच धाकटा."

मान हलवली. नाही.

मग माझा तोल गेला. "जुना हरवला हो! कुठून आणू मी?" बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी बाहेर जाऊन भांडी घासली. घासलेलीच पुन्हा घासली.

१७ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई घरी येऊन बघून गेल्या. उद्या संध्याकाळपर्यंत वाट बघायची, नाहीतर परवा भरती. पिशवी भरायला घेतलीय.

१८ फेब्रुवारी

जुना चाकू सापडला! पिशवीत घालायला नवऱ्यानं बाबांचा कामाचा कोट काढला, तर खिसा फाटून चाकू अस्तरात उतरलेला. तोच तो. धार लावून लावून अर्धं उरलेलं पातं, मुठीला काळी पट्टी. धावत नेला आणि बाबांच्या तळहातावर ठेवला. ओळखला त्यांनी. अंगठ्यानं पट्टी चोळली, हसलेसुद्धा. मग उशाशी ठेवून दिला, दाराकडे बघितलं आणि कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच दुसरा शब्द काढला.

"धाकटा... जेवला?"

गिऱ्हाइकांना बाबा आमची ओळख करून द्यायचे — "ही माझी थोरली, हा धाकटा."

राजेंना फोन केला. बाबा काय म्हणाले ते जसंच्या तसं सांगितलं. पलीकडे हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "त्यांना सांग, नाही जेवलो अजून. येतोय."

सांगितलं. बाबांनी ताट जवळ ओढलं.