भिंगरी बघतेय

मंगळवार, ता. ४

ति. ताईस,

नमस्कार, आणि त्यापुढचं सगळं 'वि. वि.' तू धरून चाल. सुखरूप पोचले. गाडीत खिडकी मिळाली, पण शेजारचे गृहस्थ सगळा प्रवास माझ्या खांद्यावर घोरत होते. मी त्यांना हलवलंसुद्धा नाही, म्हणजे बघ तुझी बहीण किती सुधारली ते.

फोन सोडून पत्र कसलं लिहिते म्हणून हसू नकोस. तुमच्याकडे फोन केला की भाऊजी तो स्पीकरवर टाकतात. मग शेजारच्या काकूंपासून सगळे माझी खुशाली विचारतात आणि तुझ्याशी बोलायचं राहूनच जातं. तुझ्या एकटीशी जरा बोलावंसं वाटलं. तसं खास काही नाही, आपलं सहजच.

तीन आठवडे तू मला जे काही खाऊ घातलंस त्याने कमरेचा पट्टा एक भोक पुढे गेलाय. कंपनीने विश्रामगृहात खोली घेतली होती, पण ते ऐकल्यावर तुझ्या नाकाला ज्या मिरच्या झोंबल्या! "बहीण हाकेवर राहते आणि ही बाई परक्या गादीवर झोपणार." मुकाट्याने बॅग उचलून आले. आता वाटतं, विश्रामगृहातच राहिले असते तर बरं झालं असतं. तुझे कष्ट तरी वाचले असते.

तू दरवेळी विचारतेस, "म्हणजे तू नक्की करतेस तरी काय गं?" यावेळी भाऊजींनीच उत्तर देऊन टाकलं. धक्क्यावर मला घेऊन गेले आणि मुकादमाच्या थाटात आपल्या हमालांच्या टोळीला म्हणाले, "ही आमची मेहुणी. बंदराला काय दुखतंय ते बघायला आलीय." सगळे हसले. मला ते फार आवडलं. जहाजं आपल्याकडे न येता शेजारच्या बंदरात का जातात, माल कुठे उतरवावा, कुठे रचावा, दर काय लावावा, हे शोधायचं आणि लिहून द्यायचं. दुखणं शोधणं सोपं असतं, औषध सांगताना जीभ जड होते.

निघताना भाऊजींनी बॅग मला धरूच दिली नाही. साठीला आले तरी दोन पायऱ्या एकदम चढतात. गाडी सुटायच्या आधी खिडकीशी येऊन म्हणाले, "तू परवा बघते म्हणालीस ना, मग मला काही काळजी नाही." मी हसले. मग गाडी सुटली.

बरं, एक विचारायचं होतं. नव्या टर्मिनलवर बदलीसाठी नावं मागवलीत ना? धक्क्यावरच्या फलकावर कागद पाहिला होता. वीस तारखेपर्यंत मुदत आहे. भाऊजींनी दिलं का नाव? तिथे क्रेन चालवायला शिकवतात म्हणे. बसून काम, त्यांच्या पाठीलाही बरं. आपलं सहज आठवलं.

गुडघ्याची हयगय करू नकोस.

तुझी,
भिंगरी


रविवार, ता. १६

ति. ताईस,

नमस्कार. पत्र मिळालं. तुझं अक्षर अजून शाळेतल्यासारखं टपोरं आहे. ऑफिसात पाकीट फोडलं तर बाजूचा मुलगा म्हणाला, "बाई, कुणाचं प्रेमपत्र?" मी म्हटलं, हो.

तू लिहितेस, "यांनी नाव दिलं नाही. म्हणाले, आपलं माणूस आत बसलंय, मग पळापळ कशाला? टोळीतही कुणी दिलं नाही. लंबू द्यायला निघाला होता, त्याला यांनीच हात धरून परत आणला. म्हणाले, भिंगरी बघतेय." आणि पुढे तुझा तो हसरा चेहरा काढलायस, दोन ठिपके आणि एक चंद्रकोर.

अगं, पण नाव दिलं म्हणून बिघडतं काय? नाव म्हणजे काही शपथ नव्हे. नाही आवडलं तर मागे घेता येतं. भाऊजींना म्हणावं, मी सांगितलंय, नाव देऊन टाका, कारण विचारू नका. नाही, थांब. मी सांगितलं असं म्हणू नकोस. तुझ्याच मनात आलं म्हणून सांग. त्यांच्या पाठीचं निमित्त कर. आणि लंबूच्या बायकोलाही सांग, तू सांगितलंस तर ती ऐकेल.

मला कामाचं बाहेर बोलायची सक्त मनाई आहे, तशी सही दिलेली असते. एवढं लिहिलं तेच जास्त झालं. तू शहाणी आहेस, समजून घे.

आणि 'बघते' म्हणजे काय ताई, आम्ही ऑफिसात दिवसातून दहादा म्हणतो. चहावाल्यालासुद्धा म्हणतो.

इकडे उकाडा आहे. झोप लागत नाही, ती उकाड्यानेच असेल.

वीस तारीख विसरू नकोस.

तुझी,
भिंगरी


शनिवार, ता. २९

ताई,

तुझं पत्र बुधवारी आलं. शिव्या असतील म्हणून फोडायला घाबरत होते. शिव्या असत्या तर फार बरं झालं असतं.

जुना धक्का बंद होणार, अशी नोटीस लागली. ज्यांनी नावं दिली ते नव्या टर्मिनलवर, बाकीच्यांनी हिशेब घेऊन घरी बसायचं. लंबू परवा रस्त्यात भेटला तर भाऊजींकडे न बघता निघून गेला. टोळीतलं कुणी आता घराकडे फिरकत नाही. हे सगळं लिहून झाल्यावर खाली तू लिहितेस, "हे म्हणतात, वरच्यांनी परस्पर केलं असणार, भिंगरीला कळलंही नसेल. तिला कळवून टाक, ती बघेल."

वरचे कुणी नाहीत गं. मीच ती.

धक्का बंद करा, असं मी लिहिलं. माझ्या हाताने, माझ्या डोक्याने. आणि ताई, ते बरोबर आहे. हे तुला खटकेल, पण खोटं बोलायचं आता पुरे झालं. जुन्या धक्क्यावर गोणी, लाकूड, लोखंड असा सुटा माल उतरतो. त्याचे दर वर्षानुवर्षं कमी ठेवलेत आणि ती तूट कंटेनरवाल्यांच्या बिलात घातली जाते. त्यांनी का भरावी? ते शेजारच्या बंदरात जातात. धक्का असाच ठेवला असता तर काही वर्षांनी नव्या टर्मिनलवरही कुत्रं फिरकलं नसतं. त्या जागेवर कंटेनर रचायला जागा करा आणि त्यांचे दर उतरवा, असं मी लिहिलं. कुणीही विचारलं तरी पुन्हा तेच लिहीन. त्याची मला लाज वाटत नाही.

लाज वाटते ती त्या दुपारच्या जेवणाची.

आठवतं ना, लंबू आणि टोळीतला तो विंच-यंत्र चालवणारा, दोघे आले होते. तू मासे तळले होतेस. भाऊजींनी सगळ्यात मोठा तुकडा माझ्या ताटात टाकला आणि सरळच विचारलं, "काय गं, आमचा धक्का राहील ना?" तुझा वाढता हात थांबला. लंबूने घास तसाच धरून ठेवला. तोवर माझा मसुदा वरती जाऊन दोन दिवस झाले होते. त्यातल्या नकाशावर भाऊजींचा धक्का नव्हताच. त्या जागी मी कंटेनरच्या रांगा काढल्या होत्या, निळ्या रंगात.

मला एवढंच म्हणता आलं असतं, "भाऊजी, मला बोलायची मनाई आहे, पण तुम्ही सगळ्यांनी बदलीला नावं देऊन ठेवा." यात कुठली सही मोडली नसती. नावं तर उघड फलकावर मागवलेली होती. पण तेवढं म्हटलं असतं तर जेवणावर पाणी पडलं असतं, तुम्ही सगळ्यांनी माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघितलं असतंत, आणि मला तुमची लाडकी भिंगरी राहायचं होतं. मी म्हटलं, "बघते."

आमच्या धंद्यात नाही म्हणायची भीड वाटली की 'बघतो' म्हणतात. ऐकणाऱ्यालाही ते कळतं, तो कागद आवरून उठतो. मी स्वतःची समजूत काढली की भाऊजींनाही कळेल. पण आपल्या घरात त्या शब्दाचा अर्थ काय होता हे मला माहीत नाही का? अण्णा 'बघतो' म्हणाले की काम झालं असं धरायचं. भाऊजींच्या घरून नकार आला तेव्हा तू तीन दिवस जेवली नव्हतीस. अण्णा फक्त "बघतो" म्हणाले, चप्पल घालून निघाले आणि संध्याकाळी तुझ्या सासऱ्यांना सोबत घेऊनच परतले. भाऊजी तो शब्द तिथे शिकलेत. त्या शब्दावर त्यांचा संसार उभा राहिला. अण्णांची मुलगी तोच शब्द बोलली, मग त्यांनी दुसरं काय समजायचं?

आणि त्यांनी काय समजलं ते मी डोळ्यांनी पाहिलं, ताई. त्यांचा चेहरा असा उजळला! लंबूच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "ऐकलंस? जेव आता." त्या क्षणी मी शब्द फिरवू शकले असते. मी मासा खाल्ला. काटे काढून, चवीने. वर तुला म्हणाले, अजून एक वाढ.

नंतर तुला दोन पत्रं लिहिली, दोन्हींत आडवळणं. 'सहज' काय, 'उकाडा' काय. दुसऱ्या पत्रात तर माझं नाव घेऊ नकोस म्हणून बजावलं. माझ्या भित्रेपणाचं ओझंही तुझ्याच डोक्यावर. वीस तारखेला दिवसभर फोन हातात घेऊन बसले होते. भाऊजींचा नंबर लावला, पहिली रिंग वाजायच्या आत तोडला. त्या दिवशी एक वाक्य बोलले असते तरी चाललं असतं. मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात ते हेच असावं.

गुरुवारी बंदराच्या अध्यक्षांकडे, त्यांच्या इकडच्या ऑफिसात गेले. म्हटलं, या टोळीची नावं अजून घ्या. त्यांनी चहा मागवला, चांगलं वागवलं. विचारलं, "मुदतीत का नाही दिली?" मी म्हटलं, "माझ्यामुळे," आणि सगळं सांगितलं, मासा सोडून. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "बघू."

मला तिथल्या तिथे कळलं. कागद आवरून उठले.

बाहेर व्हरांड्यात बसूनच लेखी अर्ज केला, माझ्या नावाने, माझी चूक आहे असा, आणि त्यांच्या टेबलावर ठेवून आले. काल कंपनीने मला बोलावलं. सध्या घरी बसा म्हणाले. हे तुला दया यावी म्हणून लिहीत नाही. मी घरी बसले म्हणून लंबूला क्रेन मिळत नाही. नव्या टर्मिनलवरच्या जागा भरल्या आहेत. पुन्हा कधी निघतील मला ठाऊक नाही. आणि ठाऊक नसलेलं मी आता तुमच्या घरात एक अक्षर बोलणार नाही.

एवढं आहे. आता माझं ऐक.

भाऊजींचं काम मला परत देता येत नाही. पण टोळीला वाटतंय की मुकादमाने आपल्याला बुडवलं, तेवढं तरी मला पुसता येईल. त्यांनी कुणाला बुडवलं नाही. त्यांनी विश्वास ठेवला, आणि ज्या माणसावर ठेवला ते माणूस त्या वेळी जेवत होतं. हे लंबूला माझ्या तोंडून कळलं पाहिजे, भाऊजींच्या नव्हे. ते सांगायला गेले तर मलाच वाचवतील. तो त्यांचा स्वभाव.

हे पत्र भाऊजींना वाचून दाखव. मध्ये थांबू नकोस, गाळू नकोस, मासाही गाळू नकोस. पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीने येतेय. स्टेशनवर कुणी येऊ नका. मी घरी न येता सरळ धक्क्यावर जाईन. टोळीतल्या सगळ्यांना तिथे बोलावून ठेव. नाहीच आले कुणी, तर प्रत्येकाच्या दारात जाऊन सांगेन. त्यांनी दार लावून घेतलं तर दाराबाहेरून सांगेन. त्यांना काय म्हणायचं ते म्हणोत, मी मध्ये बोलणार नाही.

त्यानंतर तू घरात घेशील की नाही, ते मी विचारत नाही. विचारायचा मला हक्क नाही. भाऊजींना नमस्कार लिहायला हात उचलत नाही, तो समोर उभी राहूनच करीन.

जुना धक्का बंद करायचा अहवाल लिहिणारी,
तुझी बहीण