लंडनचा गोळा

३ जुलै २००५, रविवार, दुपारी

आजपासून रागवायचे नाही. डॉक्टरने बीपीची गोळी वाढवली. मी शांत आहे.

पण गोळ्याचा विषय निघाला की कोणाचेही डोके फिरेल. धर्मेंद्र, माझा धाकटा भाऊ, बंगलोरला कॉम्प्युटरमध्ये आहे. कंपनीने तीन महिने लंडनला पाठवले. येताना आईसाठी काय आणले? शाल नाही, स्वेटर नाही. आंघोळीच्या पाण्यात टाकायचा एक सुगंधी गोळा! टाकला की फसफसतो, विरघळतो, पाणी जांभळे होते. आपल्याकडे टब कुठला? साहेबांनी घमेल्यात गरम पाणी घेतले, गोळा टाकला आणि आईचे पाय त्यात बुडवले. गुडघे दुखतात तिचे. दोन दिवस राहिला आणि गाडीत बसला.

त्याला दीड महिना झाला. आई अजून ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "माह्या धर्मानं पाय बुडवून देल्ले. असं सुख जलमात नाई भेटलं."

जलमात! चव्वेचाळीस वर्षे या घरात मी आहे. दवाखाना मी. चष्मा मी. कवळी मी.

ठराव : तसाच गोळा घरी बनवायचा. त्याच्यापेक्षा मोठा. पंधरा दिवसांत. किराणा दुकान माझे, सोडा आणि लिंबूसत घरचेच. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षापर्यंत केमिस्ट्रीही माझीच होती. दुसऱ्या वर्षी पेपर तपासणाऱ्याने अन्याय केला.

४ जुलै, सोमवार

गुंजनला इंटरनेट कॅफेत पाठवले. कन्या बारावी सायन्सला आहे, काही तरी उपयोग व्हावा. या गोळ्याला इंग्रजीत बाथ बॉम्ब म्हणतात. आमच्या पुलगावात लष्कराच्या दारूगोळ्याचा डेपो. कॅफेवाल्याने स्क्रीनवर तो शब्द पाहून मशीनच बंद केले आणि पोरीला विचारले, "तुझे बाबा काय करतात?" मी स्वतः जाऊन सांगितले काय करतो ते. प्रिंट मिळाली.

दोन भाग सोडा, एक भाग लिंबूसत, एक भाग कॉर्नफ्लोअर, थोडे तेल, सुगंध. पाणी फक्त शिंपडण्यापुरते. जास्त झाले तर गोळा हातातच फसफसतो. मग कोरड्या जागी वाळवायचे. पोरखेळ.

सपना म्हणाली, "पावसाळ्यात कोरडी जागा कुठं हाये जी?" बायकोला आधी अडचणच दिसते.

६ जुलै, बुधवार, सकाळी ६

काल पहिली बॅच केली. बारा गोळे, लाडवासारखे वळलेले, मोगऱ्याचे अत्तर घालून. आता पाहतो तर परातीत इडल्या. फुगून एकमेकींना चिकटलेल्या. हवा दमट. लोडशेडिंगमुळे पंखा बंद. वरून सपनाने शेजारी भाताचे भांडे उघडे ठेवलेले. रागावलो नाही. परात फक्त जरा जोराने ठेवली. पोचा आला, ती परातीची क्वालिटी.

९ जुलै, शनिवार

दुसरी बॅच पाण्याशिवाय, नुसत्या तेलावर. सहा गोळे जमले. पांढरे, गोल, देखणे. दुकानाच्या काउंटरवर ताटात वाळत ठेवले.

हरिदास आला. शाळेपासूनचा मित्र म्हणवतो. मी आत गूळ तोलत होतो. विचारले नाही, सवरले नाही, एक उचलून तोंडात. तोंडातून फेस. समोरचे शिंपी पुंडलिकराव धावत आले, मिरगी समजून त्यांनी आपली चप्पल हरिदासच्या नाकाला लावली. तो "लाडू, लाडू" ओरडतो, हे चप्पल आणखी दाबतात. अर्धा बाजार जमला. उरलेले पाच गोळे गर्दीत कोणाच्या तरी पायाखाली गेले.

चोरून खाणारा तो आणि माफी मी मागायची? वर त्याची तक्रार, गोड नव्हता म्हणे.

ठराव : हरिदासशी बोलणे बंद. रागाने नाही, तत्त्वाने.

१४ जुलै, गुरुवार, संध्याकाळी

यश! तिसरी बॅच टिकली. मोठ्या पातेल्याने दाबून केली. लंडनचे पाणी जांभळे झाले होते, माझ्याकडे मिठाईचा गुलाबी रंग होता. सढळ हाताने घातला.

आईला खुर्चीवर बसवले. सपनाला घमेले आणायला सांगितले, गुंजनला पाय धरायला. मी दारातून सूचना देत होतो. प्रयोग थोडा लांबूनच पाहावा लागतो.

गोळा टाकला. दोनदा फुस्स करून तळाशी जाऊन बसला. आई म्हणाली, "गज्या, गोटा टाकला काय रे?" विरघळला शेवटी. अर्ध्या तासाने. पाय गुलाबी झाले आहेत, घोट्यापर्यंत. सकाळी उतरेल.

१५ जुलै, शुक्रवार

उतरला नाही. साबण, लिंबू, रॉकेल. नाही.

आई दुपारी भजनाला गेली. तिथे आमची शेजारीण आनंदाबाई सर्वांसमोर म्हणाली, "सुलोचनाबाई, या वयात कोनाच्या वरातीत नाचून आल्या?" आई लुगड्याने पाय झाकत घरी आली. जेवली नाही.

मी आनंदाबाईच्या दारात गेलो आणि दहा मिनिटे बोललो. आवाज थोडा वाढला असेल. परत आलो तर आईच माझ्यावर उलटली. "भजनातल्या चार बायांलेच मालूम होतं. तुह्या बोंबलन्यानं साऱ्या गल्लीले समजलं."

मी हे कोणासाठी करतो आहे?

१८ जुलै, सोमवार

धर्मेंद्रचा फोन. आईने त्याला गुलाबी पायांचे सांगितले. हसत! चार दिवस माझ्यासमोर तोंड पाडून बसली होती, त्याला हसत सांगितले. मग तो मला म्हणाला, "दादा, काऊन एवढा त्रास करून राह्यला? मी दुसरा कुरिअरनं पाठवतो न."

फोन ठेवला. आता डायलटोन येत नाही. टेलिफोनवाले आठ दिवस येत नाहीत, हा या देशाचा कारभार.

ठराव : चौथी बॅच. रंग नाही, राग नाही.

२३ जुलै, शनिवार, संध्याकाळी ६

चौथी बॅच खरोखर चांगली होती. हे लिहून ठेवतो. बिनरंगाची, वाळ्याच्या अत्तराची. वाटीत एक टाकून पाहिला, लंडनसारखाच फसफसला.

आईसमोर नेला. ती म्हणाली, "मले नाई पाह्यजे बापा तुहा गोळा."

मग मी बोललो. बोलू नये तेही बोललो. धर्माचा गोळा सोन्याचा आणि माझा शेणाचा! वर्षातून दोन दिवस येतो तो श्रावणबाळ आणि रोजचा मी कोण? गुंजन रडायला लागली. सपना उठून स्वयंपाकघरात गेली.

आईने लुगडे पायांवर ओढून घेतले. मग म्हणाली, "गोळ्याचा वास कसा होता, मले आठोतही नाई. तो खाली बसला रे. एकेक बोट चोळलं त्यानं. घंटाभर. तुनं मले दवाखान्यात नेलं, खरं हाये. पन रिक्षात बसतानी मले हात द्याले बी तू रिक्षावाल्यालेच सांगते."

हा विषय नव्हता. विषय केमिस्ट्रीचा होता.

चौथी बॅच नालीत टाकली. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत फेस गेला. कोणी तरी टाळ्या वाजवल्या. कोण ते पाहिले नाही.

२४ जुलै, रविवार, दुपारी ३

दुकान उघडले नाही. सपना आणि गुंजन सकाळीच पवनारला गेल्या, सपनाच्या माहेरी. किती दिवस ते सांगितले नाही.

आई खुर्चीत डोळे मिटून बसली होती. पाणी तापवले. मूठभर मीठ टाकले, दुसरे काही नाही. खाली बसलो. माझेही गुडघे वाजतात, हे आज कळले.

बोटांच्या बेचक्यांत गुलाबी रंग अजून आहे. टाचेला रुपया बसेल एवढी भेग. डाव्या करंगळीला नखच नाही. कधी गेले, मला माहीत नाही. एकेक बोट चोळले. पाणी थंड झाले, पुन्हा तापवून आणले.

आईने डोळे न उघडता माझ्या डोक्यावर हात ठेवला.

म्हणाली, "पुरे कर बापा धर्मा. थकला असशीन. कव्हा आला तू?"

"आताच," मी म्हटले.

"गज्याले नोको सांगजो पाय चोळले म्हनून. लय रागावते तो."

"नाही सांगत."

ती झोपली. उजवा पाय राहिला होता, तो घेतला.