दोन्हीकडची मुलं

४ मार्च

ती. बाबांस सप्रेम सलाम वि. वि.

धुकं इतकं उतरलंय की चर्चच्या पायऱ्यांवरून रस्ताही दिसत नाही. उपासनेला माणसं पाण्यातून वर यावीत तशी एकेक येतात. खिडकीतला पिवळा उजेड बाकांवरून सरकतो आणि मी त्याच्या मागेमागे धूळ पुसत फिरते. स्वप्नातच आहे म्हणा ना.

जागं केलं ते चर्चच्या वरच्या कचेरीने. लढाई संपेपर्यंत दर रविवारी वाचायची प्रार्थना छापून आलीय : आपला विजय होवो, त्यांचा नायनाट होवो. बाबा, वैऱ्यावरही माया करायला सांगणाऱ्याच्या वेदीपुढे हे कसं वाचू? मी कागदाची घडी घातली आणि दोन्हीकडच्या मुलांसाठी मागणं मागितलं. पुन्हा असं केलं तर माझी पाळकाची जागा जाईल, चर्चने दिलेली खोलीही जाईल, असा निरोप आलाय. रागावू नका. आघाडीवरून धाकट्याचं पत्र आलं का?

माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
भिंगरी

९ मार्च

चि. भिंगरीस अ. उ. आ.

तुला डोकं आहे की नाही? सख्खा भाऊ तिकडे खंदकात, आणि तू त्याच्यावर बंदूक रोखणाऱ्यांचं भलं मागतेस! मी इथे दिवसभर लष्करी कोटांची काजं करतो, बोटांची चाळण झालीय, ते काय उगाच? निमूट वाच तो कागद. हवं तर पुटपुट, लहानपणी पाढे म्हणायचीस तशी.

धाकट्याचं पत्र नाही. खोली गेलीच तर इकडे ये. तुझी खाट कापडाच्या ठाणांखाली आहे, काढू. पण मी बोलणार नाही तुझ्याशी.

प्रकृतीला जप.

बाबा

१५ मार्च

ती. बाबांस स. सलाम.

पुटपुटून बघितलं हो, आरशापुढे. नाही जमत. रविवारी पुन्हा दोन्हीकडच्यांसाठीच मागितलं. कचेरीचं पत्र आलं, या महिन्याचा शेवटचा रविवार आता माझाही इथला शेवटचा. भीती वाटते, बाबा. अबोला धरा, पण पत्र पाठवा.

भिंगरी

२१ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

काल तार आली. आपला धाकटा गेला. नदीकाठी, एकच गोळी. दिवसभर वाटत राहिलं, आता येईल आणि भूक लागली म्हणून ओरडेल.

गोळी कुणी झाडली ते कळवलेलं नाही. त्यालाही कुणी बाप असेलच. मला त्याचा राग येतो, भयंकर येतो. माझ्या तोंडून त्याच्यासाठी शब्द निघणार नाही. म्हणून शेवटच्या रविवारी तुझ्याकडे येतोय. धाकट्यासाठी मागणं माग, आणि मग त्या पोरासाठीही माग.

मी आमेन म्हणेन की नाही, ठाऊक नाही. पण उठून जाणार नाही.

बाबा